सूक्ष्मतोलन (मूलद्रव्य विश्लेषणातील)

पदार्थात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक किंवा एखादा धातू शेकडा किती आहे हे ठरवण्यासाठी त्याचा काही मिलिग्रॅमचा नमुना अचूक तोलण्याची क्रिया. शेकडेवारी काढताना नमुन्याचे वजन छेदस्थानी येते. म्हणून तोलताना झालेली चूक पुढचे कोणतेही उपकरण भरून काढू शकत नाही. कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन विश्लेषणाला आज साधारण २ ते ३ मिग्रॅ. पदार्थ पुरतो. सराफी मापात हा गुंजेचा सुमारे साठावा ते चाळीसावा भाग होतो. १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला. त्याचा शहाण्णवावा भाग ती गुंज, सुमारे १२१.५ मिग्रॅ. प्रत्यक्ष गुंजेच्या बिया याहून कमीअधिक भरतात आणि कोष्टकही सर्वकाळ एक नव्हते : कौटिलीय अर्थशास्त्रात पाच गुंजांचा सुवर्णमाषक आहे, तर तोळ्याच्या रूढ कोष्टकात आठ गुंजांचा मासा.

उगम : सूक्ष्मतोलनाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ प्रेगल (१८६९–१९३०) यांच्यापासून सुरुवात करतात. पित्ताम्लांवर काम करताना त्यांच्या हाती शुद्ध पदार्थ फारच थोडा उरला आणि पदार्थ जाळून कार्बन व हायड्रोजन मोजण्याच्या लीबिख यांच्या ज्वलनपद्धतीला लागणारा ग्रॅमच्या काही दशांशांचा नमुना त्यातून निघेना. १९१० च्या सुमारास त्यांनी ती सारी पद्धत ३ ते ५ मिग्रॅ. नमुन्यावर आणण्यास प्रारंभ केला. या कामासाठी त्यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मत ऑस्ट्रियातील ग्राझ येथील फ्रीड्रिख एमिख (१८६०–१९४०) यांना अग्रमान देते. अकार्बनी सूक्ष्ममान विश्लेषण त्यांनी प्रेगल यांच्या आधी हाती घेतले होते. नुसत्या तुलेचा विचार केला तर नेर्न्स्ट यांची पीळतुला (तंतूच्या पिळावर तोलणारी तुला) १९०३ ची, तर वारबुर्ग व इहमोरी यांची सूक्ष्मतुला त्याही आधीची, १८८६ ची.

तिसरे मत सूक्ष्मतोलनाचे मूळ रसायनशाळेत न शोधता सोन्याचांदीच्या पारखीत शोधते. जर्मन खनिजविद्यातज्ञ अ‍ॅग्रिकोला यांच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामविषयक ग्रंथात पारख्याच्या तीन तराजूंचे वर्णन आहे. त्यांतला सर्वांत नाजूक तराजू भट्टीतून निघालेला धातूचा मणी तोलण्यासाठी असे आणि वाऱ्यापासून जपण्यासाठी तो पेटीत ठेवत. हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रेगल यांनी वापरलेली हँबर्गच्या कूलमान यांची तुला मुळात मौल्यवान धातूंच्या पारखीसाठीच घडवलेली होती; तिची दांडी ज्यांवर टेकते त्या धारा सुधारून ती ०.००१ मिग्रॅ. पर्यंत नेण्यात आली. कार्बनी रसायनशास्त्राने पारख्याचा काटाच उचलला आणि तो अधिक तलख केला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

सांगली-साताऱ्याशी संबंध : ही परंपरा या दोन जिल्ह्यांना परकी नाही. विटा, खानापूर, आटपाडी तसेच माण व खटाव या दुष्काळी पट्ट्यातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात असून देशभरच्या सराफी पेठांत ती पसरली आहेत. भट्टी, मूस (धातू वितळवण्याचे भांडे), तेजाब (आम्ल) आणि टंच (धातूच्या शुद्धतेचे प्रमाण) हे त्यांचे रोजचे शब्द. टंच काढण्याची शास्त्रीय रीत, म्हणजे अग्निपरीक्षण, संपूर्णपणे दोन वजनांवर उभी आहे. सुमारे २५० मिग्रॅ. सोने तोलून त्यात अडीच-तीन पट चांदी मिसळतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून अस्थिभस्माच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत तापवतात. शिसे तांब्यासारख्या धातूंना घेऊन वाटीत मुरते. उरलेला मणी ठोकून, लाटून, त्याची गुंडाळी नायट्रिक आम्लात उकळली की चांदी विरघळते आणि निव्वळ सोने राहते. ते पुन्हा तोलतात. २५० मिग्रॅ. वर ०.०१ मिग्रॅ. ची चूक म्हणजे हजारी ०.०४ भाग, तर ०.१ मिग्रॅ. ची चूक हजारी ०.४ भाग. भट्टीत किंचित सोने वाटीत जाते आणि किंचित चांदी सोन्यात अडकते. म्हणून शुद्ध सोन्याचा ज्ञात नमुना त्याच भट्टीत शेजारी ठेवून तेवढी दुरुस्ती करतात. हॉलमार्किंग केंद्रांत क्ष-किरण यंत्राने आधी चाचपणी होते. वजनाची ही रीत मात्र निर्णायक मानली जाते.

प्रयोगशाळेतील रीत : २ मिग्रॅ. नमुन्याला चार दशांश स्थळांचा नेहमीचा काटा चालत नाही. त्याचा शेवटचा अंक ०.१ मिग्रॅ. दाखवतो, म्हणजे नमुन्याचा विसावा भाग. सूक्ष्मतुला ०.००१ मिग्रॅ. किंवा त्याहून सूक्ष्म वाचते. तरीही वाचनक्षमता म्हणजे अचूकता नव्हे. तेच वजन निदान दहा वेळा ठेवून मिळणारे प्रमाणविचलन, म्हणजे वाचनांतील विखुरणीचे माप, महत्त्वाचे. त्याची दोन हजार पट ही त्या काट्यावर तोलण्याजोगी किमान राशी, असा औषधकोशांतील दंडक आहे. विचलन ०.००१ मिग्रॅ. असेल तर २ मिग्रॅ. हीच सीमारेषा.

कथिलाची कुपी चिमट्याने ठेवून काटा शून्यावर आणतात, नमुना बाहेर काढलेल्या कुपीत घालतात, कुपी दुमडून पुन्हा तोलतात. बोटाचा ठसा काही दशक मायक्रोग्रॅमचा भरतो, म्हणून कुपीला हात लावत नाहीत. गरम वस्तू हवेचा झोत उठवते आणि हलकी भरते. कोरड्या हवेत स्थिरविद्युत भुकटीला ओढते. माण-आटपाडीच्या उन्हाळ्यात हा त्रास अधिक. इलेक्ट्रॉनिक काटा प्रत्यक्षात गुरुत्वाचे बल मोजतो, त्यामुळे मुंबईत जुळवलेला काटा सातशे मीटरांहून उंच असलेल्या साताऱ्यात आणला की दहा हजारांत दोनेक भागांनी कमी दाखवतो. जागेवर प्रमाण वजनाने जुळवणी करावी लागते. मात्र मूलद्रव्य विश्लेषणात अ‍ॅसिटॅनिलाइडसारखे प्रमाणद्रव्य (कार्बन ७१.०९%) त्याच काट्यावर तोललेले असल्याने ही प्रमाणबद्ध चूक बव्हंशी छेदून जाते. शून्याचे सरकणे आणि ओलावा मात्र छेदला जात नाही.

ओलाव्याचे उदाहरण सांगलीच्या हळदीतूनच घेता येते. हळदीतील पिवळे रंगद्रव्य करक्युमिन शुद्ध असेल तर त्यात कार्बन ६८.४७% आणि हायड्रोजन ५.४७% असतो. भुकटीत २% पाणी राहिले तर कार्बन ६७.१०% वर उतरतो आणि हायड्रोजन ५.५८% वर चढतो. शोधनिबंधांत सर्वसाधारणपणे शेकडेवारीत ०.४ पर्यंतचा फरक चालतो. येथे कार्बनचा फरक त्याच्या तिपटीहून अधिक आहे. कार्बन घटून हायड्रोजन वाढलेला दिसला तर यंत्रावर संशय घेण्याआधी नमुना कोरडा ठेवण्याचे शोषकपात्र पाहावे.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीच्या नमुन्यात अडचण निराळी असते. १०–२० मिग्रॅ. मातीत मुळाचा एखादा तंतू आला तरी सेंद्रिय कार्बन फुगतो, म्हणून माती बारीक दळून एकजीव करणे हे तोलण्याइतकेच मोलाचे. या जमिनीत चुनखडीचे खडे असतात आणि ज्वलनयंत्र त्यांचाही कार्बन मोजते. तो काढण्यासाठी माती चांदीच्या कुपीत तोलून तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ देतात. वजन आम्लापूर्वीचे धरायचे असते, कारण नंतर तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी शोषते. तासगाव-मिरज भागात द्राक्षबागायतदार करून घेतात त्या देठ परीक्षणात नायट्रोजनसाठी केल्डाल पद्धतीने (१८८३; आम्लात पचवून नायट्रोजन मोजण्याची रीत) काम होत असल्यास नमुना ग्रॅमच्या काही दशांशांचा असतो आणि तेथे चार दशांश स्थळांचा काटा पुरतो.