मॉर्फीन (रॉक त्रिकूट)

मॉर्फीन : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात १९८९ मध्ये स्थापन झालेला आणि १९९९ पर्यंत कार्यरत असलेला तीन वादकांचा रॉक बँड. दोन तारांची स्लाइड बेस गिटार (तारेवर नळी सरकवून वाजवायची खर्जातली गिटार), बॅरिटोन सॅक्सोफोन (खालच्या पट्टीतला मोठा सॅक्सोफोन) आणि ड्रम्स एवढ्या तीनच वाद्यांवर या बँडचे संगीत उभे होते. रॉक संगीतात जिच्यावाचून एरवी पान हलत नाही, ती मुख्य सुरावट वाजवणारी लीड गिटार येथे जवळजवळ नव्हतीच. बेसवादक, गायक आणि गीतकार मार्क सँडमन (२४ सप्टेंबर १९५२ – ३ जुलै १९९९) आपल्या संगीताला ‘लो रॉक’ म्हणत. ‘खर्जातला रॉक’ हा त्याचा मराठीतला सरळ अर्थ असून या बँडचे त्याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे. मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवतेच्या नावावरून बँडचे नाव सुचल्याचे सँडमन सांगत असत.

या त्रिकुटाचे वेगळेपण त्याच्या स्वरपट्ट्यात आहे. नेहमीच्या रॉक बँडमध्ये बेस तळाशी, गिटार मध्यभागी आणि गायकाचा आवाज त्यांच्या वर अशी वाटणी असते. मॉर्फीनमध्ये मात्र बेस, बॅरिटोन सॅक्सोफोन आणि सँडमन यांचा भारदस्त, बोलल्यासारखा आवाज असे तिन्ही एकाच खालच्या पट्ट्यात वावरतात. चार तारांच्या बेस गिटारीचा सर्वांत खालचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, तर बॅरिटोन सॅक्सोफोनचा साधारण ६५ हर्ट्झचा. म्हणजे दोघांची घरे शेजारी-शेजारीच आहेत. इतके सगळे खाली एकवटले की संगीत गढूळ होण्याचा धोका असतो आणि तो टाळण्यातच या तिघांचे खरे कसब दिसते. बेसवर एखादी लहान फिरत राबवली जाते, सॅक्सोफोन गाण्याच्या ओळी संपतात तेथे आखूड स्वरवाक्याने उत्तर देतो, आणि वरचा मोकळा राहिलेला भाग झांजांच्या चकचकीत नादासाठी सोडलेला असतो. सॅक्सोफोनच्या खालच्या स्वरांतही वरच्या उपस्वरांची भरपूर खरखर असते, त्यामुळे गिटारीची उणीव कानाला भासत नाही. गिटार काढून टाकल्यामुळे येथे काही कमी झालेले नाही. उलट तिने एरवी व्यापलेली जागा गाण्याला श्वास घ्यायला मिळालेली आहे.

सँडमन यांची बेस गिटार हा स्वतंत्र वर्णनाचा विषय आहे. बँडच्या आरंभकाळात त्यांनी एका तारेवरही प्रयोग केले आणि पुढे ते दोन तारांवर स्थिरावले. डाव्या हाताच्या बोटात घातलेली नळी तारेवरून सरकवून ते स्वर काढत असत. पडद्यांवर बोट दाबून वाजवलेला स्वर जागच्या जागी उमटतो, तर सरकत्या नळीने एका स्वरातून दुसऱ्या स्वरात मींड घेत जाता येते. त्यामुळे बेससारखे तालाला जखडलेले वाद्य त्यांच्या हाती गळ्याच्या अंगाने बोलू लागले. तारा दोनच असल्याने गुंतागुंतीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवणे शक्य नव्हते, आणि ही मर्यादा त्यांनी आपणहून पत्करली होती. गाणे त्यांना थोडक्या स्वरांतच बांधायचे होते.

डेना कॉली यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन या बँडमध्ये कधी लीड गिटारीचे, कधी दुसऱ्या बेसचे, तर कधी दुसऱ्या गायकाचे काम करतो. जाझ संगीतात रासान रोलंड कर्क यांनी एकाच वेळी अनेक वाद्ये फुंकण्याची जी परंपरा गाजवली, तिचा वारसा कॉली यांनी रॉकच्या मंचावर आणला. मैफलीत ते बॅरिटोन आणि त्याहून वरच्या पट्टीतला टेनर असे दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून वाजवत. अशा वादनात प्रत्येक वाद्याच्या वाट्याला एकच हात येतो, म्हणून मोजकेच स्वर निघू शकतात. शिवाय दोन्ही वाद्यांच्या रीडना (फुंकल्यावर कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्यांना) पुरेल एवढा श्वास एकाच छातीतून द्यावा लागतो. त्यातून निघणारा जाड, किंचित थरथरता जोडस्वर या बँडच्या ओळखीचा भाग बनला. केवळ चमत्कृती म्हणून त्याकडे पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण गाण्याला जेथे वजन हवे असे, तेथेच तो येत असे.

या नादाचे मूळ सँडमन यांच्या आधीच्या बँडमध्ये सापडते. १९८० च्या दशकात ते बॉस्टन परिसरातील ‘ट्रीट हर राइट’ या ब्लूज-रॉक बँडमध्ये होते. त्या बँडमध्ये बेस गिटार नव्हती. सँडमन साध्या गिटारीचा स्वर पेडलच्या साहाय्याने एक सप्तक खाली उतरवून वाजवत आणि बिली कॉनवे उभ्याने वाजवायच्या छोट्या कॉकटेल ड्रमवर साथ करत. नेहमीचे वाद्य काढून घेतले की उरलेल्या वाद्यांना नवी कामे करावी लागतात, हा धडा त्यांनी तेथेच घेतला असावा. मॉर्फीनचे पहिले ड्रमवादक जेरोम ड्युप्री होते. दुसऱ्या अल्बमच्या सुमारास त्यांची जागा कॉनवे यांनी घेतली, तर अखेरच्या काळात ड्युप्री परतल्यावर दोघेही ड्रमवादक बँडसाठी वाजवत होते.

‘गुड’ हा पहिला अल्बम १९९२ मध्ये प्रथम ॲक्युरेट या छोट्या स्थानिक कंपनीतर्फे निघाला. सँडमन तेव्हा चाळिशीला टेकले होते, आणि रॉकमध्ये पदार्पणासाठी हे वय उशिराचेच म्हणावे लागेल. पुढे रायकोडिस्क या स्वतंत्र कंपनीने तो अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला. तिनेच प्रसिद्ध केलेल्या ‘क्युअर फॉर पेन’ (१९९३) या दुसऱ्या अल्बमने बँडचे नाव देशभर पोहोचवले. त्याच्या निर्मितीत सँडमन यांच्यासोबत पॉल कोल्डरी यांचा सहभाग होता. १९९४ मधील एका कमी खर्चाच्या स्वतंत्र अमेरिकी चित्रपटात या अल्बममधील गाणी वापरली गेली आणि रॉकच्या नेहमीच्या श्रोत्यांपलीकडचे लोकही त्यांच्याकडे वळले. ‘यस’ (१९९५) हा तिसरा अल्बमही रायकोडिस्कनेच काढला.

मॉर्फीनचा श्रोतृवर्ग ज्या पद्धतीने वाढला, ती त्या काळातील स्वतंत्र संगीताचा चांगला नमुना आहे. केंब्रिजच्या सेंट्रल स्क्वेअर भागातील ‘मिडल ईस्ट’सारख्या क्लबांमधील कार्यक्रमांतून सुरुवात झाली, महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांनी गाणी वाजवली, आणि सततच्या दौऱ्यांमुळे अमेरिकेबरोबर युरोपातही श्रोते जमत गेले. सिअ‍ॅटलमधून आलेल्या ग्रंज संगीताच्या कर्कश गिटारींनी १९९० च्या दशकाचा पूर्वार्ध भारून टाकला होता. त्या गोंगाटात गिटारच नसलेला, हळू आवाजात बोलणारा बँड चटकन वेगळा ऐकू येत असे. ज्याला तो भावला, तो आणखी चौघांना ऐकवी. प्रचंड खपाचे एकही गाणे नसताना टिकून राहिलेली ही लोकप्रियता होती, आणि म्हणूनच ती बँड संपल्यानंतरही विरली नाही.

‘लाइक स्विमिंग’ (१९९७) या चौथ्या अल्बमपासून ड्रीमवर्क्स ही मोठी कंपनी बँडच्या पाठीशी आली. सँडमन यांनी मात्र आपल्या पद्धतीने काम करणे सोडले नाही. केंब्रिजमधील त्यांच्या राहत्या जागेतला ‘हाय-एन-ड्राय’ नावाचा घरगुती स्टुडिओ हेच त्यांच्या प्रयोगांचे ठिकाण होते. गिटारीच्या दोन तारा आणि बेसची एक तार एकत्र बांधून त्यांनी ‘ट्रायटार’ नावाचे वाद्यही तयार केले होते. ‘द नाइट’ या अखेरच्या अल्बममध्ये तीन वाद्यांची चौकट त्यांनी स्वतःच मोडली आणि तंतुवाद्ये व स्त्रियांचे सहगायन यांना जागा दिली. खर्ज तसाच ठेवून त्याच्याभोवती रंग भरण्याचा हा प्रयत्न बँडच्या सर्व कामात सर्वांत धाडसाचा वाटतो.

तो अल्बम बाजारात आलेला सँडमन यांना पाहता आला नाही. ३ जुलै १९९९ रोजी इटलीत रोमजवळच्या पालेस्त्रीना गावी संगीत महोत्सवात कार्यक्रम चालू असताना ते मंचावरच कोसळले आणि हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४६ वर्षांचे होते. बँडचा प्रवास तेथेच थांबला आणि ‘द नाइट’ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कॉली, कॉनवे आणि इतर सहकाऱ्यांनी ‘ऑर्केस्ट्रा मॉर्फीन’ हा मोठा वाद्यवृंद उभारून या अल्बममधील गाणी मंचावर सादर केली.

२००९ मध्ये सेंट्रल स्क्वेअरमधील, मिडल ईस्ट क्लबजवळच्या एका चौकाला सँडमन यांचे नाव देण्यात आले. कॉनवे यांचे डिसेंबर २०२१ मध्ये निधन झाले. कॉली यांनी ‘व्हेपर्स ऑफ मॉर्फीन’ या त्रिकुटातून जुनी गाणी आणि नव्या रचना वाजवत राहणे पसंत केले. या त्रिकुटात जेरेमी लायन्स हे दोन तारांची स्लाइड बेस वाजवतात. मात्र त्यांच्या हाती गिटारही असते.