शेकाआधीची सुई: अ‍ॅमिफॉस्टिन घेणाऱ्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

तोंड, घसा किंवा मानेला रेडिएशन, म्हणजे शेक, सुरू झाला की लाळग्रंथीही त्याच्या माऱ्यात सापडतात. लाळ आटते, कोरडा घास घशाखाली उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते, दात लवकर किडतात. शेक संपल्यावरही हा कोरडेपणा अनेकांना वर्षानुवर्षं छळतो. तो कमी व्हावा म्हणून डॉक्टर काही रुग्णांना अ‍ॅमिफॉस्टिन देतात. अणुस्फोटाच्या किरणांपासून सैनिकांचं रक्षण व्हावं म्हणून अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत शोधलेलं हे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत लाळग्रंथींसाठी मंजूर झालं.

कुपी आमच्या औषधांच्या दुकानातून नेली तरी सुई रुग्णालयातच, शेकाच्या १५ ते ३० मिनिटं आधी शिरेतून देतात. औषध रक्तात फार वेळ टिकत नाही. त्यामुळे नंबर लांबणार असेल तर सुई टोचण्याआधीच नर्सना विचारा.

रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ही सुई आडवं झोपवून देतात आणि आधी-नंतर बीपी मोजतात. लगेच उठू नका. गरगरलं, डोळ्यांसमोर अंधारी आली तर तिथल्या तिथे सांगा. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. गिळता येत नसेल तर सलाईनबद्दल डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. काहींना सुईआधीचे २४ तास गोळी बंद ठेवायला सांगतात, पण हा निर्णय डॉक्टरांचा. शेजारच्या रुग्णाची बंद केली म्हणून आपली करू नका.

मळमळ आणि उलटी पुष्कळांना होते. त्यासाठीची गोळी उलटी आल्यावर नाही, सुईच्या आधी घ्यायची असते. ती ऑन्डॅनसेट्रॉन असेल तर काहींचं पोट साफ होत नाही, डोकंही दुखतं. त्याचा दोष अ‍ॅमिफॉस्टिनला लावून सुई टाळू नका. उलट्या थांबतच नसतील तर मात्र पुढच्या सुईची वाट न पाहता फोन करा. सुई चालू असताना चेहरा गरम होणं, शिंका, उचकी हे बहुधा आपोआप थांबतं. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सांगा, कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: अंगावरचं पुरळ. शेकाच्या जागी कातडी लाल किंवा काळपट होणं हे शेकामुळे असतं. पण पुरळ छाती, पोट, तळहात, तळपाय अशा शेक न लागलेल्या जागी उठलं, फोड आले, डोळे लाल झाले किंवा सोबत ताप आला, तर ते औषधाचं असू शकतं. अशी प्रतिक्रिया क्वचितच येते, पण ती जिवावर बेतू शकते, आणि सुया सुरू होऊन काही आठवडे झाल्यावरही येऊ शकते. अशा वेळी खाजेची गोळी किंवा मलम मागायला आमच्याकडे येऊ नका. ते देऊन आम्ही तुमचा वेळ घालवणार नाही. पुढची सुई घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना कातडी दाखवा. सुई टोचताना श्वास लागला, घसा आवळला किंवा अंगावर गांधी उठल्या तर त्या क्षणी सांगा.

औषध थांबवावं लागलं तरी शेक चालू ठेवायचा की नाही, हे डॉक्टर वेगळं ठरवतात. घाबरून शेकाला जाणं बंद करू नका. उरलेल्या न उघडलेल्या कुप्या आणि बिल घेऊन या, पुढचं आम्ही पाहू.