रेडिएटरची गळती

मोटारगाडीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतून कूलंट बाहेर झिरपणे. नाव रेडिएटरचे असले तरी दर वेळी गुन्हेगार तोच असतो असे नाही. होज पाइप, त्यांच्या क्लिपा, वॉटर पंप, कूलंटचा प्रवाह अडवणाऱ्या-सोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे घर, डॅशबोर्डमागची हीटरची जाळी किंवा नुसते झाकण, यांपैकी कशातूनही कूलंट निसटते. ठाणे-नवी मुंबईतले गिऱ्हाईक ‘गाडी गरम होतेय’ एवढेच सांगत येते. पुढचा शोध मिस्त्रीचा.

ही यंत्रणा बंद असते आणि दाबाखाली चालते. झाकणातली स्प्रिंग बहुतेक गाड्यांत वातावरणाच्या वर सुमारे १ बार दाब धरून ठेवते. उघड्यावर १००° से.ला उकळणारे पाणी एवढ्या दाबाखाली १२०° से.च्या आसपास उकळते. त्यात इथिलीन ग्लायकॉल हे कूलंटमधले मुख्य रसायन मिसळले की उत्कलनबिंदू आणखी चढतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून द्रव थोडाच जातो, पण दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळू लागते. झिजलेल्या रबराचे झाकण एक थेंबही न सांडता हाच घोटाळा करते.

गळती कुठे उघडी पडेल हे रस्त्यावर अवलंबून असते. पाम बीच रस्त्यावर गाडी वेगात असते, समोरून वारा मिळतो, थोडे कमी कूलंटही खपून जाते. तीच गाडी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने निघून खंडाळ्याच्या घाटाला लागली की तापमानाचा काटा चढतो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला कोंडीत अडकलेल्या गाडीला वारा फक्त पंख्याचा, वर एसी चालू. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळीच्या पातळ पट्ट्या खाल्लेल्या असतील तर आणखीच पंचाईत.

गाडीखालचे प्रत्येक ओले म्हणजे गळती नव्हे. दमट हवेत एसीचे पाणी धो धो टपकते, आणि नवा गाडीमालक घाबरून गॅरेज गाठतो. ते पाणी बिनरंगी, बिनवासाचे, बोटाला न चिकटणारे असते. कूलंट हिरवे, गुलाबी, निळे किंवा नारिंगी, चिकट आणि गोडसर वासाचे असते. मात्र रंगावरून त्याची जात ओळखता येत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला की सकाळी डाग आणि त्याची जागा दोन्ही कळतात. गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी सांध्यांवर वाळलेली पांढरट किंवा रंगीत पापडी शोधावी.

गॅरेजमध्ये खात्रीचा उपाय म्हणजे दाबाचा हातपंप. इंजिन गार असताना झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात. काटा उतरला तर गळती आहेच, मग टॉर्च लावून सांधे बघायचे. बाहेर काहीच दिसत नसेल तर दोन शक्यता. पुढच्या सीटपाशी गालिचा ओला आणि काचेवर धुके असेल तर हीटरची जाळी. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर धूर आणि ऑइल ताकासारखे झाले असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील. दुसऱ्या शंकेसाठी रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. जळालेला वायू असेल तर ते पिवळे पडते.

विल्हेल्म मायबाख यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर आणला. पुढे तांबे-पितळेचे रेडिएटर आले. ते फुटले तरी झाळून घेता येत. आजच्या जाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि टाक्या प्लास्टिकच्या, मध्ये रबराचे सील. टाकीला तडा गेला तर एम-सील लावून घरापर्यंत पोचता येते, त्याहून पुढे नाही. रेडिएटर बदलावाच लागतो. होज आणि क्लिपा स्वस्त असतात, त्यांत काटकसर करू नये. जुन्या ड्रायव्हरांचा हळदीचा जुगाड प्रसिद्ध आहे: पूड फटीत अडकते आणि थेंब थांबतो. तीच पूड बारीक नळ्यांतही अडकते. हळद जखमेला बरी, रेडिएटरला नाही. बोअरचे पाणी भरत राहणेही तसेच. क्षार आत थर धरतात. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे.

गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच उकळते कूलंट उसळून अंगावर येते. सांडलेले लगेच पुसावे. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड आहे आणि सोसायटीच्या पार्किंगमधली कुत्री-मांजरे ते चाटतात.

दुरुस्तीनंतर कूलंट भरून आतली हवा काढावी लागते. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी पातळी जराशी उतरते, कारण उरलेली हवा निघून गेलेली असते. तेवढे एकदा भरावे. पुन्हा उतरली तर पुठ्ठा परत काढावा.