पक्षाघाताच्या रुग्णाचा एमआरआय: नातेवाइकांसाठी माहिती

हे पत्रक तुमच्या हातात आहे म्हणजे तुमचे माणूस बहुधा मशीनमध्ये आहे किंवा थोड्याच वेळात आत जाणार आहे. सगळे वाचायला सवड नसेल तर पहिला भाग तेवढा वाचा आणि टेक्निशियनशी बोला. बाकीचे रिपोर्ट येईपर्यंत वाचले तरी चालेल.

आधी आम्हाला एवढे सांगा

पहिला प्रश्न वेळेचा. रुग्णाला शेवटचे धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिले? त्रास कधी लक्षात आला, ही वेळ वेगळी, आणि इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. समजा, रात्री ११ वाजता रुग्ण नीट बोलून झोपला आणि सकाळी ६ वाजता उठवायला गेल्यावर तोंड वाकडे, उजवा हात लुळा दिसला. मग आमच्या कागदावर वेळ लिहायची ती ११ ची, ६ ची नव्हे. पण मध्ये ३ वाजता तो उठून सरळ चालत बाथरूमला गेला आणि ते घरातल्या कोणी पाहिले असेल, तर वेळ ३ ची. या एका तपशिलाने उपचाराचा निर्णय बदलू शकतो. म्हणून घरी फोन करून विचारा, शेजारच्या खोलीत झोपणाऱ्याला विचारा. अंदाज असेल तर ‘अंदाज’ म्हणूनच सांगा.

दुसरा प्रश्न शरीरातल्या धातूचा. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर बसवलेली क्लिप, कानातले कॉक्लियर इम्प्लांट, हाडातल्या पट्ट्या, हृदयातला स्टेंट, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, असे काहीही असेल तर सांगा. स्टेंट आणि पट्ट्यांची सहसा अडचण येत नाही. जुन्या पेसमेकरची आणि जुन्या क्लिपची मात्र येऊ शकते. रुग्णाची वाचा अनेकदा गेलेली असते, त्यामुळे त्याच्या वतीने उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे. ऑपरेशनचे कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद घरी असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि मूत्रपिंडाचा आजार आहे का, हेही सांगा. शिवाय डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. गिळण्याची ताकद गेली असेल तर घास श्वासनलिकेत जातो. आणि मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ‘घरात होती म्हणून दिली’ ती ॲस्पिरिन घात करते.

आधी सीटी की एमआरआय?

एमआरआय करणाऱ्यांनीच हे सांगावे याचे नवल वाटेल, पण डॉक्टरांनी आधी सीटी सांगितला असेल तर एमआरआयचा हट्ट धरू नका. मेंदूत रक्त सांडले आहे का, या प्रश्नाचे उत्तर सीटी काही क्षणांत देतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी ते उत्तर हवेच असते. रुग्ण वेळेत पोहोचला आहे, लक्षणे स्पष्ट आहेत आणि सीटीत रक्तस्राव नाही, अशा वेळी एमआरआयसाठी थांबणे म्हणजे मेंदू गमावणे. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता.

उलट, गुठळीमुळे झालेला पक्षाघात पहिल्या काही तासांत सीटीमध्ये अनेकदा दिसतच नाही. ‘सीटी नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘पक्षाघात नाही’ असा नव्हे. पक्षाघात आहे की आणखी काही, वेळ नक्की किती झाली, अजून काय वाचवता येईल, असे प्रश्न उरले की एमआरआयची गरज लागते.

चित्रात काय दिसते

रक्तपुरवठा तुटल्यावर काही मिनिटांतच चेतापेशीच्या भिंतीवरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडू लागतात. बाहेरचे पाणी आत शिरते, पेशी फुगते, पेशींमधली फट अरुंद होते. एरवी मोकळे फिरणारे पाण्याचे रेणू अडकून पडतात. डिफ्युजन नावाचे चित्र नेमकी ही अडलेली हालचाल टिपते आणि तो भाग करड्या मेंदूत पांढराशुभ्र उठून दिसतो. मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांजरांच्या मेंदूवर हे दाखवून दिले: रक्तवाहिनी बंद केल्यावर तासाभराच्या आत डिफ्युजनमध्ये इजा दिसली, त्या वेळी नेहमीच्या एमआरआय चित्रात काहीच नव्हते. आज हे चित्र घ्यायला एक-दोन मिनिटे पुरतात.

पण पांढरे दिसले म्हणजे ताजा पक्षाघात, असे लगेच म्हणता येत नाही. जुना डागही कधी कधी पांढरा चमकतो. म्हणून शेजारी एडीसी नावाचा नकाशा ठेवून पाहतात. डिफ्युजनमध्ये पांढरे आणि एडीसीत तीच जागा काळी, ही जोडी जुळली की इजा ताजी असल्याची शक्यता बळावते. त्यातही फिट येऊन गेल्यावर किंवा रक्तातली साखर फार उतरल्यावर असेच चित्र उमटू शकते, म्हणूनच रुग्णाची साखर आधी तपासलेली असते.

आता झोपेतून उठल्यावर लक्षात आलेल्या पक्षाघाताकडे वळू. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तासांची आहे. १९९५ मधल्या अमेरिकेतल्या चाचणीनंतर ती तीन तासांची ठरली होती, २००८ मधल्या युरोपातल्या चाचणीनंतर वाढली. पूर्वी वेळ माहीत नसली की हे इंजेक्शन नाकारले जाई. आता एमआरआय थोडेफार घड्याळाचे काम करतो. डिफ्युजनमध्ये इजा लगेच दिसते, पण फ्लेअर नावाच्या चित्रात ती स्पष्ट उमटायला साधारण साडेचार तास जातात. डिफ्युजनमध्ये डाग आहे आणि फ्लेअर अजून कोरा आहे, तर घटना बहुधा त्या मुदतीच्या आतली आहे. याच आधारावर निवडलेल्या रुग्णांना इंजेक्शनचा फायदा होतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीने दाखवले. हे घड्याळ मिनिटाच्या काट्याने चालत नाही, काहींच्या फ्लेअरमध्ये बदल लवकर येतो. म्हणून घरच्यांनी सांगितलेल्या वेळेची किंमत कमी होत नाही.

यांखेरीज आणखी दोन चित्रे घेतात. एसडब्ल्यूआय रक्तस्राव दाखवते, अगदी टाचणीच्या टोकाएवढे जुने ठिपकेसुद्धा, आणि कधी रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी काळ्या दोरीसारखी दिसते. अँजिओग्राफीत मेंदूच्या वाहिन्यांचे जाळे बहुतेक वेळा चित्र स्पष्ट करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनशिवायच दिसते. चालू वाहिनी जिथे मध्येच तुटल्यासारखी दिसते, तिथे अडथळा असू शकतो. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी काढता येते का, हे डॉक्टर पाहतात.

काही रुग्णांत परफ्युजन हे आणखी एक चित्र लागते. त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमचे, चित्र स्पष्ट करणारे औषध देतात. मूत्रपिंडाबद्दल विचारले ते यासाठी. मेलेल्या भागाच्या भोवती बराचसा मेंदू नुसता उपाशी असतो, पाणी तुटलेल्या रोपासारखा: मान टाकलेली, पण मुळे जिवंत. परफ्युजनमध्ये कमी रक्त मिळणारा भाग मोठा आणि डिफ्युजनमधला मेलेला भाग लहान दिसला, तर वाचवण्यासारखे बरेच शिल्लक आहे. असे रुग्ण निवडून घेतले तर गुठळी काढण्याचा उपाय काहींना २४ तासांपर्यंतही लागू पडतो. त्याचा पुरावा २०१८ मधल्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ या चाचण्यांतून आला. त्यांत रुग्णांची निवड सीटी किंवा एमआरआयवर झाली होती. २४ तास हा आकडा वाचून कोणी निवांत बसू नये. तो मोजक्या रुग्णांसाठी आहे, आणि त्यांच्यातही जितक्या लवकर तितके बरे.

आत काय होते

मशीनचा चुंबक कायम चालू असतो, स्कॅन सुरू नसतानाही. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर दारातून आत नेला तर तो हातातून सुटून मशीनकडे झेपावतो. म्हणून आम्ही रुग्णाला आमच्या स्ट्रेचरवर घेतो आणि घड्याळ, अंगठी, कानातले, दातांची कवळी, श्रवणयंत्र, मोबाइल बाहेर ठेवायला सांगतो. त्वचेवर चिकटवलेल्या औषधी पट्टीत कधी धातूचा पातळ थर असतो, तो तापून चटका बसू शकतो. तीही दाखवा.

आवाज मोठा असतो, कानात बोळे देतो. किरणोत्सर्ग नसतो. पक्षाघातासाठीचा निवडक स्कॅन सहसा १० मिनिटांच्या आसपास आटोपतो, सविस्तर तपासणीला जास्त वेळ लागतो. त्रास होतो तो हालचालीचा. घाबरलेला, गोंधळलेला रुग्ण डोके हलवतो आणि चित्र पुसट येते. स्कॅन पुन्हा घ्यावा लागला तर आम्ही तेवढ्यापुरता घेतो, सगळा पहिल्यापासून नाही. तपासणी करून धातूची बाधा नाही असे ठरले तर एका नातेवाइकाला आत बसता येते. हाताला ओळखीचा स्पर्श मिळाला की कित्येक रुग्ण शांत राहतात.

रिपोर्ट हाती आल्यावर

‘ताजी इजा दिसत नाही’ असे लिहिले तरी डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जाऊ नका. मेंदूच्या देठातला लहान पक्षाघात पहिल्या तासांत डिफ्युजनमध्येही निसटू शकतो, विशेषतः चक्कर, तोल जाणे किंवा एकाचे दोन दिसणे ही लक्षणे असतील तेव्हा. लक्षणे येऊन पूर्ण ओसरली असतील तर त्यातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांतच डाग सापडतो. बाकीच्यांनाही पुढच्या काही दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका असतोच.

रिपोर्टमध्ये ‘जुने डाग’ किंवा ‘वयानुसार बदल’ असे शब्द बऱ्याचदा असतात. आजच्या घटनेशी त्यांचा संबंध आहे की नाही, हे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच सांगता येईल. काउंटरवर विचारू नका, तिथल्या माणसाला ते सांगता येणार नाही.

फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रे असतात, सीडीवर सगळी. रुग्णाला दुसरीकडे हलवायचे ठरले तर ॲम्ब्युलन्समध्ये सीडी रुग्णासोबतच जाऊ द्या. पुढचा स्कॅन वाचताना पहिली गोष्ट करतात ती आजच्या चित्रांशी तुलना.