शीत लहर, गरम पाव आणि ४०० मिलिसेकंद

भाचीच्या सराव-पुस्तकात एक वाक्य होतं: 'काश्मीरमध्ये आलेल्या ______ लहरीमुळे तलाव गोठले.' खाली चार पर्याय: उष्ण, विद्युत, शीत, प्रकाश. भाचीबाईंनी आधी 'विद्युत'वर खूण केली होती. मग शेवटच्या पानावरची उत्तरं बघून ती खोडली आणि 'शीत'ला गोल केला. खोडरबराचा काळपट डाग अजून तिथंच होता.

"शीत का नाही घेतलंस आधी?" मी विचारलं.

"मामा, शीत थंड कशें आसतलें? शीत ऊन आसता!" (कोंकणीत ऊन म्हणजे गरम.)

बरोबर आहे तिचं. आमच्या गोव्यातल्या घरांत शेतात उभं असतं ते भात आणि पानात पडतं ते शीत. शाळेतल्या मराठीत मात्र पानात पडतो तो भात, शीत म्हणजे त्याचा एक दाणा, आणि संस्कृतातून आलेलं तिसरंच शीत म्हणजे थंड. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण तिनं इतके दिवस 'शिजलेलं चाखून शेतातलं पीक ओळखणे' अशी समजून घेतली होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तेही काही वाईट नाही.

भाची पाचवीत आहे आणि वाळपईच्या नवोदय विद्यालयासाठी प्रवेश परीक्षा देणार आहे. (दक्षिण गोव्यातल्या मुलांसाठी काणकोणला आहे.) त्या परीक्षेत ८० पैकी २० प्रश्न भाषेचे. ते उताऱ्यांवर असतात, पण शब्द अडला की उताराही अडतो, म्हणून घराघरांत रिकाम्या जागांचा रतीब सुरू होतो. माझ्या बहिणीची तक्रार होती की सुट्टीत ३०० रिकाम्या जागा भरून घेतल्या, सगळं पाठ आहे म्हणते, आणि रविवारच्या सराव पेपरात तेच शब्द चुकवून येते. शिवाय पुस्तकात कुठल्याशा वर्गाचं पत्रक खोचलेलं: '३० दिवसांत ३००० शब्द'. म्हणजे रोज १००. अर्धा तास दिला तर एका शब्दाच्या वाट्याला १८ सेकंद. तेवढ्यात गल्ल्यावर सुटे पैसेही मोजून होत नाहीत.

रिकामी जागा भरणं हा मुलांना छळायचा जुना मास्तरी प्रकार आहे, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात ते एक वैज्ञानिक उपकरण आहे, आणि ते बनवणाऱ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

स्मरणशक्तीवर पद्धतशीर प्रयोग सुरू केले ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं. अर्थाची लुडबुड नको म्हणून त्यानं सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, स्वतःच त्यांची घोकंपट्टी केली आणि आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं. हे पुस्तकरूपानं आलं १८८५ मध्ये. पुढे ब्रेस्लाउ शहरात (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) प्रश्न निघाला की सकाळी सलग पाच तास शाळा केल्यानं मुलं थकतात का? एबिंगहाउसनं मुलांना तीन प्रकारच्या चाचण्या दिल्या: आकडेमोड, आकडे लक्षात ठेवणं, आणि शब्द-अक्षरं गाळलेला उतारा पुरा करणं. १८९७ मध्ये त्यानं हे काम छापलं. वर्गातल्या हुशारीशी ठळकपणे जुळली ती तिसरी चाचणी. ज्यानं अर्थाला दाराबाहेर ठेवून संशोधन सुरू केलं, त्याच्याच हातून अर्थाशिवाय सुटूच न शकणारी चाचणी घडली, याची मला फार गंमत वाटते. १९०५ च्या आपल्या प्रसिद्ध बुद्धिमापन चाचणीत फ्रान्सच्या आल्फ्रेड बिनेनंही ही युक्ती उचलली.

१९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानं तीच युक्ती उलटी धरली. मजकुरातला ठरावीक अंतरावरचा, समजा दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचकांना तो ओळखायला लावायचा. जितके जास्त शब्द ओळखता येतील तितका मजकूर सोपा. इथं परीक्षा वाचकाची नाही, लेखकाची! या पद्धतीला त्यानं 'क्लोझ' म्हटलं. अर्धवट काढलेलं वर्तुळही डोळा पुरं करून पाहतो, त्या प्रवृत्तीच्या इंग्रजी नावावरून.

यातून एक आकडा मिळतो. हे वाक्य घ्या (पदेर म्हणजे गोव्यातला दारोदार फिरणारा बेकरीवाला): 'भोंपू वाजवत पदेर दारात आला आणि आईनं त्याच्याकडून चार ______ घेतले.' समजा १०० गोंयकारांना विचारलं आणि ९० जण 'पाव' म्हणाले, तर इथं 'पाव'ची क्लोझ-शक्यता ०.९. आठ-दहा जण 'उंडे' (गोल पाव) म्हणतील. 'पोळ्या' कुणाच्या ओठावर आलं तरी पुढचा 'घेतले' आडवा येतो, पोळ्यांना 'घेतल्या' हवं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसून मागच्या शब्दाचं लिंग-वचन सांगून टाकतं. पुष्कळ मुलं रिकाम्या जागेशी थबकतात आणि वाक्याचा शेवट वाचतच नाहीत, तिथं ही फुकटची खूण हातची जाते.

आता माझ्या आवडीच्या जागी येऊ. इथं जरा रेंगाळणार आहे.

१९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्यावर विद्युतअग्रं (इलेक्ट्रोड) लावली आणि पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम भलताच, जसं गरम पावाला लोण्याऐवजी पायमोजे फासले. असा शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतआलेखात एक ऋण लाट उठत होती. म्हणून तिचं नाव एन-४००, एन म्हणजे निगेटिव्ह, ऋण. लाट काही मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांची. नुसती पापणी लवली तरी तिच्याहून कितीतरी मोठी खळबळ उठते, त्यामुळे डझनावारी वाक्यांची सरासरी काढावी लागते, तेव्हा कुठं ती गोंगाटातून वर येते. (तीही पुष्कळ आलेखांत उलटी छापतात, ऋण बाजू वर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास चुकीचं वाचत होतो.)

ही नुसती दचकण्याची लाट असेल, असं कुणालाही वाटेल. ते तपासायला त्यांनी काही वाक्यांचा शेवटचा शब्द अर्थानं बरोबर, पण एकदम मोठ्या टाइपात दाखवला. वाचणारा दचकला, पण ऋण लाट आली नाही. वेगळीच, धन बाजूची आणि उशिराची लाट आली. म्हणजे एन-४०० अर्थाशी बांधलेली.

खरी मेख १९८४ च्या प्रयोगात आहे. शब्दाची क्लोझ-शक्यता जितकी जास्त, तितकी एन-४०० लहान. टेलरनं कागद-पेन्सिलीनं काढलेला आकडा मेंदूच्या लाटेची उंची सांगत होता! आणि त्याहून सुरेख गोष्ट शेजाऱ्यांची. 'पाव इतका गरम होता की तिला तो लगेच ______ येईना.' 'खाता' आलं तर लाट बारीक. 'लिहिता' आलं तर उंच. आणि 'पिता' आलं तर? पाव पीत नाहीत, वाक्य साफ चुकलेलं आहे, तरी लाट मधलीच येते (त्यांच्या प्रयोगातली वाक्यं इंग्रजी होती, पावाचं उदाहरण माझं). कारण 'खाणे' जागं होत असताना त्याच्या आळीतली घरंही थोडी जागी होतात, आणि पिणे तिथंच राहतं.

प्रश्नपत्रिका काढणारा नेमकं हेच करतो. चार पर्यायांत एक खरा आणि दोन-तीन त्याच्या आळीतले. भाचीला 'विद्युत लहर' का पटली? ते दोन शब्द विज्ञानाच्या पुस्तकात शेजारी राहतात. 'गोठले' या शब्दापर्यंत ती पोचलीच नव्हती. तिच्या डोक्यावर तेव्हा ती विद्युतअग्रं असती, तर 'शीत लहर' वाचताना तिची लाट माझ्याहून उंच आली असती यावर मी पैज लावायला तयार आहे.

इथं एक सावधगिरी. मेंदू पुढच्या शब्दाचा नेमका अंदाज आधीच बांधून बसतो का, की शब्द आल्यावर फक्त पटकन जुळवून घेतो, यावर अजून भांडण आहे. २००५ मध्ये इंग्रजीतल्या 'अ' आणि 'ॲन' वापरून केलेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून नेमक्या अंदाजाचा पुरावा मिळाला, असं म्हटलं गेलं. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला, तेव्हा त्या 'अ-ॲन'वरचा परिणाम हाती लागला नाही. म्हणून 'मेंदू म्हणजे भविष्य सांगणारं यंत्र' असले मथळे दिसले की खिसा सांभाळावा.

खिशावरून आठवलं. गेली काही वर्षं मध्यमेंदू जागृत करण्याचे वर्ग निघालेत. डोळ्यांना पट्टी बांधून मूल पुस्तक वाचतं आणि आईबाप टाळ्या वाजवतात. ते मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून बघत असतं. मध्यमेंदू खरोखर झोपलेला असता, तर त्या बिचाऱ्याला डोळेसुद्धा नीट फिरवता आले नसते, कारण ते काम तिथूनच चालतं. परीक्षेआधी देवीला कौल लावणारे माझ्या ओळखीत आहेत. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की घर निश्चिंत. त्यानं आईचं डोकं शांत होत असेल तर माझं भांडण नाही, पण चार पर्यायांतला उजवा कुठला ते पाकळी सांगत नाही.

मग पाठ असूनही का चुकतं? २००८ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. नैरोबी-झांजिबारला नोकऱ्या केलेल्या गोंयकारांच्या नातवंडांना यातले काही घरीच ऐकू आले असतील. एक होता 'माशुआ', म्हणजे होडी. (मराठी कानाला लगेच 'मचवा' आठवतो.) एखादा शब्द एकदा बरोबर आला की काहींना तो पुन्हा नुसता दाखवत राहिले, विचारणं बंद. काहींना मात्र तो पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्यानंतर विचारत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसते बघत राहिलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. आणि आधी 'तुम्हाला किती आठवतील' असं विचारलं, तेव्हा सगळे गट सांगत होते निम्मे! स्वतःच्या स्मरणाबद्दल आपण किती भोळे असतो पाहा. भाचीचं 'पाठ आहे' खोटं नव्हतं. शब्द तिच्या डोळ्यांना ओळखीचा होता, आठवून काढायची सवय जिभेला नव्हती.

म्हणून मी एकच केलं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून दिली. वाक्य शेवटापर्यंत वाचायचं, पर्यायांवर पट्टी ठेवायची, आपल्या मनानं शब्द म्हणायचा आणि मगच पट्टी काढायची. काश्मीरच्या वाक्याला ती पट्टीआडून म्हणाली, "थंडीची." म्हणजे अर्थ होताच, फक्त नाव नव्हतं. मग चार पर्यायांत थंडीचा शेजारी शोधायला कितीसा वेळ लागणार? 'दिवसभर खाटेवर लोळणारा तो ______ माणूस' याला ती 'आळशी' म्हणाली. पुस्तकात उत्तर होतं 'ऐदी', आणि 'आळशी' पर्यायांत नव्हताच. चिडली. पण चूक करून लगेच बरोबर शब्द कळला तर तो बरा टिकतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. अट 'लगेच'ची. चुकीचा पर्याय निवडून वही मिटली, तर तोच डोक्यात घर करतो.

तीन आठवड्यांनी, मी दुपारचा सोफ्यावर पडलेलो असताना, तिनं माझ्या पोटावर एक कागद ठेवला. वर पुठ्ठ्याची पट्टी.

'मामा लेख वेळेवर देत नाही, कारण तो ______ आहे.'

मी मनातल्या मनात 'कामात' म्हटलं आणि पट्टी काढली. आळशी, सुस्त, ऐदी, निवांत. चौघेही एकाच आळीतले. मी 'निवांत'वर खूण केली. तिनं कागद उलटला. मागं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं: ऐदी.