निरपेक्ष उपकार (ख्रिस्ती विचार)

परतफेडीची, नावाची किंवा आभाराची अपेक्षा न ठेवता दुसऱ्याचे भले करणे, याला ख्रिस्ती धर्मविचारात मध्यवर्ती स्थान आहे. त्याचा मुख्य आधार बायबलमधील लूककृत शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकात, सापडतो. परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या, असे येशू सहाव्या अध्यायात सांगतो. चौदाव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो: मेजवानीला भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी नकोत, गरीब, लंगडे, आंधळे बोलवा, कारण त्यांच्याजवळ फेडायला काही नसते. देवाची कृपा कमाईने मिळत नाही, ती आधीच फुकट मिळालेली असते, म्हणून पुढे देतानाही हिशेब धरायचा नाही, अशी यामागची श्रद्धा आहे.

विदर्भाच्या खेड्यात देण्याघेण्याची आपली घट्ट रीत आहे. लग्नाच्या मांडवात कोणीतरी वही घेऊन बसतो. कोणी काय आहेर केला, लुगडे की रोख, हे नावानिशी लिहिले जाते. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढाच, जमल्यास थोडा वरचढ आहेर केला जातो. या रितीला कमी लेखण्याचे कारण नाही. नापिकीच्या वर्षी लेकीचे लग्न या रितीच्याच आधाराने पार पडते. पण वहीत ज्यांचे नाव कधी चढतच नाही, त्यांचे काय? एकटी पडलेली विधवा, परगावाहून कापूस वेचायला आलेले मजूर कुटुंब, अंगावर चट्टा उठला म्हणून वेगळा काढलेला माणूस: लूकच्या चौदाव्या अध्यायाचा रोख नेमका यांच्याकडे आहे.

बायबलच्या पहिल्या भागातील, म्हणजे जुन्या करारातील, सरव्याचा (कापणीनंतर रानात उरलेल्या धान्याचा) नियमही याच धाटणीचा. शेत कडेपर्यंत कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असे लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सांगितले आहे. रूथ ही मवाबी, म्हणजे परक्या देशातली, विधवा अशाच सरव्यावर सासूला जगवते. सोयाबीन निघाल्यावर रानात सरवा वेचणाऱ्या बाया पाहिलेल्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

या विचाराचे विदर्भातील सर्वांत ठळक रूप कुष्ठसेवेत दिसते. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे रुग्णालय आहे. या रोगाने पायाची संवेदना जाते; काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळत राहते. म्हणून पाय पाण्यात भिजवायचे, निबर झालेली कातडी हलक्या हाताने घासून काढायची, तेल लावायचे आणि बोटांच्या बेचक्यांतून जखम शोधायची. हे रोज, वर्षानुवर्षे करावे लागते. यात कौतुक होण्यासारखे काही नसते, आणि म्हणूनच ही सेवा मला या विषयाचे सर्वांत खरे उदाहरण वाटते. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. येशू उरलेल्या नऊ जणांची विचारपूस करतो, पण त्यांचे बरे होणे काढून घेत नाही.

या सेवेवर गंभीर आक्षेपही घेतले गेले. विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, तेथील सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मिशनच्या शाळा आणि दवाखाने धर्मांतराचे साधन म्हणून वापरले जातात, असा ठपका तिने १९५६ च्या अहवालात ठेवला. मिशनऱ्यांच्या बाजूने तो नाकारला गेला. तरीही प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती माणसाने तो टाळू नये. औषधाच्या बदल्यात श्रद्धा मागणे हीही वसुलीच, आणि लूकच्या कसोटीवर ती टिकत नाही. विदर्भात ख्रिस्ती लोक आजही थोडेच आहेत. मिशनच्या दवाखान्यांतून बरे होऊन गेलेले बहुतेक जण आपापल्या धर्मातच राहिले.