‘से वेंदे कासास’: स्पॅनिश पाटीवरच्या वादाची पार्श्वभूमी

स्पॅनिशमध्ये घरे विकायला काढली की पाटी दोन तऱ्हांनी लिहिलेली आढळते: ‘से वेंदेन कासास’ किंवा ‘से वेंदे कासास’. कासास म्हणजे घरे. पहिल्या पाटीत क्रियापद अनेकवचनी, दुसरीत एकवचनी. शाळेत पहिली शुद्ध, दुसरी चूक. दोन्हींतले ‘से’ मूळचे आत्मवाचक सर्वनाम.

लॅटिनमध्ये कर्मणी अर्थासाठी क्रियापदालाच वेगळा प्रत्यय लागे: ‘आमात’ म्हणजे तो प्रेम करतो, ‘आमातुर’ म्हणजे त्याच्यावर प्रेम केले जाते. बोलीतून ही रूपे गळून पडली आणि त्यांचे बरेचसे काम ‘से’कडे आले.

खरा गुंता माणसांपाशी झाला. ‘से मातान लोस ओम्ब्रेस’ या वाक्यात पुरुष आत्महत्या करतात, एकमेकांना मारतात, की मारले जातात? तिन्ही अर्थ निघतात. हा घोळ टळावा म्हणून पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास माणसाआधी ‘आ’ लावून क्रियापद एकवचनात ठेवण्याची रीत रुळू लागली: ‘से माता आ लोस ओम्ब्रेस’. आपल्याकडे ‘त्याने चोर पकडले’ हा कर्मणी, तर ‘त्याने चोरांना पकडले’ हा भावे प्रयोग. कर्माला विभक्ती लागली की क्रियापद त्याच्याशी जुळणे सोडते. स्पॅनिशमध्येही नेमके हेच घडले.

त्यातच ‘आकी से विवे बिएन’ (इथे छान राहता येते) अशा अकर्मक वाक्यांत एकवचन होतेच. मग हा भावे प्रयोग घरांपर्यंत, दुकानातल्या मालापर्यंत सरकला तर त्यात नवल काय? घरे कोणीतरी विकत असतो, आणि बोलणाऱ्याला ‘से’मध्ये तो ‘कोणीतरी’च ऐकू येतो. अधिकृत व्याकरण मात्र माणसांबाबत एकवचन बिनतक्रार स्वीकारते आणि वस्तूंबाबत अनेकवचनाला झुकते माप देते. एकाच वळणाने घडत आलेल्या वाक्यांना हे दोन न्याय पटत नाहीत. एकवचनी पाटी लॅटिन अमेरिकेत जास्त दिसते; ती लिहिणाऱ्याला अडाणी ठरवणे तर सरळ अन्याय आहे.

पोर्तुगीजमध्ये हाच वाद अधिक चिघळला. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्राझीलमधल्या एका व्याकरणकाराने एकवचनाची बाजू सविस्तर मांडली, तरी तिथल्या स्पर्धा परीक्षांत अजून अनेकवचनालाच गुण मिळतात. फ्रेंच या भांडणातून बरीचशी सुटली, कारण तिने ‘माणूस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ‘कोणीतरी’साठी वेगळे सर्वनाम घडवले. इटालियन ‘सि’ची मजल त्याहून पुढची: टस्कनीत ‘नोइ सि वा’ म्हणजे चक्क ‘आम्ही जातो’.